थांबवण्याचा अधिकार कोणाकडे?

सायबर हल्ल्याची बातमी आली की आपल्याकडे तीन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. ‘हे मोठ्या कंपन्यांचे दुखणे, आपल्याला काय?’ ही पहिली. ‘चांगला अँटिव्हायरस नसेल,’ ही दुसरी. ‘कोणीतरी लिंक दाबली असणार,’ ही तिसरी. पहिलीत बेफिकिरी आहे, दुसरीत यंत्रावरचा भाबडा विश्वास आहे आणि तिसरीत दोष सर्वांत खालच्या माणसावर ढकलण्याची सोय आहे. लोणारसारख्या तालुक्याच्या गावातल्या व्यापाऱ्यापासून मुंबईतल्या संचालक मंडळापर्यंत याच तीन प्रतिक्रिया ऐकू येतात आणि तिन्ही उथळ आहेत.

माझे म्हणणे असे की माहितीची सुरक्षा हा मुळात अधिकाराच्या वाटणीचा प्रश्न आहे. व्यवहार संशयास्पद वाटला तर तो कोणी थांबवायचा? यंत्रणा बंद ठेवायची वेळ आली तर तसे सांगायचे कोणी? थांबवल्यामुळे जे नुकसान होईल ते सोसायचे कोणी? या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली नसतील तर महागातले महाग सॉफ्टवेअरही ऐनवेळी कामाला येत नाही. ती ठरलेली असतील तर साध्या साधनांनीही बरेच काही वाचते. हे म्हणणे चार टप्प्यांत मांडतो आणि मग त्यावरच्या आक्षेपांकडे वळतो.

लोणारच्या बाजारात माहिती कुठे असते?

लोणार जगाला ठाऊक आहे ते उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये तयार झालेल्या सरोवरामुळे. 2020 मध्ये ते पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेले. पण गावाचा रोजचा धंदा सोयाबीन, कापूस, खते-बियाणे, किराणा, सराफी, पतसंस्था आणि पर्यटकांसाठीच्या लहान हॉटेलांवर चालतो. या सगळ्या धंद्यांत गेल्या काही वर्षांत माहितीचा प्रचंड साठा झाला आहे आणि तो आपल्याकडे आहे याची जाणीव फारच थोड्यांना आहे.

खरिपाच्या तोंडावरचे कोणतेही कृषी सेवा केंद्र जवळून पाहा. खताची गोणी देण्याआधी शेतकऱ्याचा आधार क्रमांक पीओएस मशीनमध्ये टाकायचा, अंगठा लावून घ्यायचा, पावती काढायची. मगच त्या गोणीवरचे अनुदान कंपनीला मिळते. 2018 पासून देशभर ही पद्धत आहे. कष्टाने झिजलेला अंगठा पहिल्या फटक्यात उमटत नाही. तो पुसून पुन्हा लावावा लागतो आणि मागे रांग वाढत जाते. मालक गोदामात असतो, म्हणून मशीनचा पासवर्ड काउंटरवरच्या दोघातिघांना ठाऊक असतो. आतल्या टेबलावर बिलिंगचा संगणक, त्यात शेकडो शेतकऱ्यांची नावे, मोबाइल क्रमांक आणि उधारी. जीएसटीचे विवरणपत्र कर सल्लागार भरतो. पोर्टलचा आयडी-पासवर्ड त्याच्याकडे आणि ओटीपी त्याला फोनवर सांगितला जातो. सॉफ्टवेअर अडले की डीलरचा माणूस एनीडेस्क या अ‍ॅपवरून दुरूनच संगणकात शिरतो आणि पुन्हापुन्हा विचारायला नको म्हणून त्याला कायमचा पासवर्ड देऊन ठेवलेला असतो. नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या फोनवर दुकानाचे व्हॉट्सअ‍ॅप अजून जोडलेले असते.

या दुकानाचा सुरक्षा प्रमुख कोण? कागदावर कोणीच नाही. प्रत्यक्षात पाच जण, कारण पाच जणांच्या हाती किल्ल्या आहेत. त्यातल्या एकालाही ‘थांबा’ म्हणायचा अधिकार दिलेला नाही. मोठ्या बँकेत हेच चित्र फक्त आकाराने मोठे होते.

टप्पा पहिला: चोरी होते ती होकाराची

महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे आहे. 1906 साली स्थापन झालेल्या या सहकारी बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये हल्ला झाला. 11 तारखेला, शनिवारी, काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 12 हजार व्यवहारांद्वारे 78 कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून सुमारे 2,800 व्यवहारांत आणखी अडीच कोटी गेले. 13 तारखेला, सोमवारी, बँकांच्या परदेशी व्यवहारांसाठीच्या स्विफ्ट यंत्रणेतून 13.92 कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण आकडा 94 कोटींच्या वर गेला.

हे कसे घडले ते नीट समजून घेतले पाहिजे. एटीएममध्ये कार्ड घातले की मागणी स्विच नावाच्या यंत्रणेकडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो की या खात्यात एवढे पैसे आहेत का. तिथून ‘हो’ आले की नोटा बाहेर पडतात. हल्लेखोरांनी या प्रश्नोत्तरांच्या मध्ये आपला खोटा स्विच बसवला. बनावट कार्डांवरून आलेल्या मागण्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. खोट्या स्विचनेच परस्पर ‘हो’ म्हटले. खातेदारांच्या शिलकेला धक्का लागला नाही, पैसा बँकेचा गेला. तिजोरी फुटली नाही की कुलूप तुटले नाही. चोरीला गेला तो बँकेचा होकार.

आता शनिवार आणि सोमवार यांच्यामधला रविवार पाहा. घटना घडून गेल्यावर शहाणपण सांगणे सोपे असते, म्हणून इथे कोणा व्यक्तीला दोष द्यायचा नाही. पण धडा स्पष्ट आहे. एका वाटेने घुसखोरी झाल्याचे कळले की बाकीच्या सगळ्या वाटाही संशयित ठरतात. ‘कार्डाची यंत्रणा बंद केली, आता स्विफ्टही तपास पूर्ण होईपर्यंत बंद,’ असे म्हणायला कोणीतरी लागतो आणि त्याचा शब्द सुट्टीच्या दिवशीही चालावा लागतो. हल्लेखोर शनिवार-रविवार निवडतात ते याच हिशेबाने. सुट्टीच्या दिवशी यंत्रे चालू असतात आणि निर्णय घेणारी माणसे घरी असतात.

याच्या उलट घडलेली घटनाही आपल्या राज्यातलीच आहे. जुलै 2016 मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या युनियन बँकेतून स्विफ्टद्वारे सुमारे 17 कोटी डॉलर बाहेर वळवण्याचा प्रयत्न झाला. सुरुवात रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारख्या भासणाऱ्या ईमेलच्या जोडपत्राने झाली आणि एका कर्मचाऱ्याने ते उघडले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी परदेशी खात्यांचा ताळा घेताना रक्कम जुळेना, ते दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या लक्षात आले. बँकेने लगेच पैशांचा माग काढला आणि वाटेतच ते अडवले. म्हणजे आत शिरायला वाट माणसाने दिली आणि बँक वाचवली तीही माणसानेच. फरक पडला तो सकाळच्या ताळ्याच्या शिस्तीने आणि न जुळलेली रक्कम वर कळवली की लगेच हालचाल होते या खात्रीने.

टप्पा दुसरा: भिंत तुमची, दार दुसऱ्याचे

‘आम्ही आमचे सांभाळतो’ हे वाक्य आज अर्धेच खरे आहे. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला. त्याचा उगम युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. कर भरण्यासाठी तिथल्या हजारो धंद्यांनी घेतलेले हे साधे सॉफ्टवेअर. त्याच्या वाटेने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि मर्स्क समूह चालवत असलेले नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले टर्मिनलही ठप्प झाले. युक्रेनमधल्या हिशेबनिसाच्या संगणकातून सुरू झालेली गोष्ट उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लावून गेली.

या हल्ल्याने ज्या त्रुटीचा फायदा घेतला तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच दिली होती. त्याहून बोलकी गोष्ट अँडी ग्रीनबर्ग यांनी ‘वायर्ड’ मासिकात नोंदवली आहे. मर्स्कमध्ये संगणकांच्या जाळ्याची सुरक्षा सुधारण्याची योजना मंजूर होती, तिला पैसाही मिळाला होता. पण तंत्रज्ञान विभागाच्या वरिष्ठांच्या कामगिरीच्या निकषांत ती नव्हती, म्हणून ती पुढे सरकली नाही. कंपनीला धोक्याची जाणीव होती आणि तरतूदही झाली होती. काम करून घेण्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच अंगावर आली नाही.

दुसरे उदाहरण अधिक घरचे आहे. 31 जुलै 2024 रोजी देशातल्या सुमारे 300 लहान बँकांचे, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, यूपीआयसह किरकोळ पेमेंट बंद पडले. या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरले होते. हा प्रोग्राम फायली कुलूपबंद करून खंडणी मागतो. त्या 300 बँकांपैकी बहुतेकांच्या स्वतःच्या संगणकांना काहीही झाले नव्हते. ग्राहकाला मात्र त्याचे काय? त्याच्या दृष्टीने बँक बंद होती.

या घटनेतला महत्त्वाचा भाग पुढे आहे. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, सी-एजला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले. शेकडो बँकांच्या ग्राहकांची गैरसोय होणार हे माहीत असूनही तोडले. तपासणी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी जोडणी परत दिली. थांबवण्याचा अधिकार कोणाकडे हे इथे आधीच ठरलेले होते, म्हणून बिघाड एका पुरवठादारापुरता राहिला. मी जे म्हणतो आहे त्याचा याहून चांगला दाखला नाही.

लोणारच्या दुकानदाराचेही एक छोटे सी-एज असते. कधी तो एनीडेस्कवरून येणारा डीलरचा माणूस असतो, कधी दहा गावांचे पासवर्ड एकाच वहीत ठेवणारा कर सल्लागार. तिथे बिघाड झाला तर एका दिवसात सगळा बाजार अडतो. त्याला तोडायचे कोणी, हे मात्र ठरलेले नसते.

टप्पा तिसरा: जबाबदारी खांद्यावर, अधिकार दुसऱ्याच्या हाती

मोठ्या कंपन्यांत या कामासाठी मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी असतो. बाहेरून हे पद भारदस्त दिसते. आतून पाहिले तर अनेक ठिकाणी तो तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखाच्या हाताखाली असतो. ज्याच्या कामातल्या उणिवा दाखवायच्या त्याच्याकडूनच अंदाजपत्रक मागायचे आणि पगारवाढही घ्यायची. विक्री विभाग म्हणतो, नवे अ‍ॅप दिवाळीच्या आत आले पाहिजे. सुरक्षा अधिकारी म्हणतो, चाचणी अपुरी आहे. कोणाचे चालते ते सांगायला नको. त्याचे यश म्हणजे काहीही न घडणे आणि न घडलेल्या गोष्टीचे श्रेय वार्षिक अहवालात मांडता येत नाही. घडले की मात्र पहिला खुलासा त्यालाच मागितला जातो.

रिझर्व्ह बँकेने ही गाठ ओळखली आहे. 7 नोव्हेंबर 2023 च्या आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या तिच्या निर्देशांत म्हटले आहे की सुरक्षा अधिकारी थेट तंत्रज्ञान प्रमुखाच्या हाताखाली नसावा आणि त्याला धंद्याची उद्दिष्टे देऊ नयेत. हे निर्देश व्यापारी बँका आणि मोठ्या वित्तसंस्थांसाठी आहेत. नागरी सहकारी बँकांसाठी कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर 2018 मध्ये, प्राथमिक सुरक्षा चौकट आली आणि डिसेंबर 2019 मध्ये चार पातळ्यांची सविस्तर चौकट. बँकेचे डिजिटल व्यवहार जितके खोल, तितक्या अटी कडक.

या शिडीच्या खालच्या पायरीवर पतसंस्था उभ्या आहेत. त्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो. त्यांच्यावर नजर सहकार खात्याची. लोणारच्या बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न साधा नाही. राज्याबाहेर शाखा पसरलेली बुलढाणा अर्बन पतसंस्था इथलीच आणि तालुक्या-तालुक्यांत लहान-मोठ्या पतसंस्थांत शेतकरी, शिक्षक, दुकानदार यांच्या ठेवी आहेत. लेखापरीक्षक कर्जाची थकबाकी पाहतो, तारण पाहतो, रोकड मोजतो. संगणकात कोण कधी शिरले, नोकरी सोडलेल्या लिपिकाचा आयडी बंद झाला का, बॅकअपमधून माहिती खरोखर परत येते का, हे प्रश्न त्याच काटेकोरपणे विचारले जाईपर्यंत ठेवीदाराची सुरक्षा अपुरीच राहणार.

जबाबदारी आणि अधिकार यांची फारकत किती महागात पडते हे अमेरिकेतल्या एका खटल्याने दाखवले. उबरची 5.7 कोटी लोकांची माहिती 2016 मध्ये चोरीला गेली आणि कंपनीने हल्लेखोरांना पैसे देऊन ते दडवले. ही गोष्ट सरकारी यंत्रणेपासून लपवल्याबद्दल तेव्हाचे सुरक्षा प्रमुख जो सुलिव्हन यांना ऑक्टोबर 2022 मध्ये दोषी ठरवण्यात आले आणि मे 2023 मध्ये तीन वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा झाली. कंपनीच्या तेव्हाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यावर खटला झाला नाही. सुलिव्हन यांचे वागणे समर्थनीय नव्हतेच. पण त्या निकालानंतर प्रत्येक सुरक्षा अधिकाऱ्याला एक प्रश्न पडला असेल: शिक्षा माझ्या नावावर असेल, तर अंतिम शब्द कोणाचा?

टप्पा चौथा: कायदा दारात आला आहे

आजवर माहिती फुटली तर गुपचूप पासवर्ड बदलून पुढे जाता येत असे. तो काळ संपत आला आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे कंपन्यांना बंधनकारक आहे आणि यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस जपून ठेवाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला 11 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि धंद्यांवरची मुख्य बंधने 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये, लागू होतील. माहिती फुटली तर ज्याची माहिती आहे त्याला आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचे. सविस्तर तपशील 72 तासांत द्यायचा. वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे.

लोणारच्या दुकानदाराला एवढा दंड होईल असे कोणी म्हणत नाही. दंड ठरवताना उल्लंघनाचे गांभीर्य पाहिले जाते. पण या कायद्याने एक तत्त्व पक्के केले आहे. ग्राहकाची माहिती गोळा करणारा तिचा मालक ठरत नाही, तो तिच्यासाठी उत्तरदायी असतो. पुरवठादाराच्या हातून माहिती फुटली तरी मंडळापुढे उत्तर द्यावे लागते ते ती गोळा करणाऱ्याला. सरोवर पाहायला आलेल्या पर्यटकाच्या आधार कार्डाचा फोटो हॉटेलच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे पडून असेल, तर ती आता निव्वळ सवय राहिलेली नाही. ती जोखीम आहे.

सहा तास आणि 72 तास या मुदती नीट पाहा. एवढ्या वेळात कोण ठरवणार, कोण कळवणार, कोणाची सही लागणार, हे घटनेच्या दिवशी शोधत बसलो तर मुदत तिथेच संपते. कायद्यालाही तोच प्रश्न पडलेला आहे: निर्णय कोणाचा?

आक्षेप आणि उत्तरे

*आक्षेप पहिला: ‘आमच्यासारख्या लहान धंद्यावर कोण नजर ठेवणार?’* नजर ठेवायची गरजच नसते. नॉटपेट्याने गाव किंवा उलाढाल पाहिली नाही. जिथे वाट सापडली तिथे तो शिरला. हल्ल्याची यंत्रे इंटरनेटवर रात्रंदिवस उघडी दारे शोधत फिरतात. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचे नियमित सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले. त्या तारखेनंतरही त्यावर चालणारे दुकान लहान आहे की मोठे, हे या यंत्रांना कळत नाही. शिवाय लहान धंद्याचे नुकसान आकड्याने लहान असले तरी घाव खोल असतो. मर्स्कने कोट्यवधी डॉलर गमावले आणि कंपनी चालू राहिली. ऐन हंगामात उधारीची वही गेली तर कृषी केंद्राचे वर्ष जाते.

*आक्षेप दुसरा: ‘खर्च परवडत नाही.’* काही गोष्टींना पैसा लागतो हे मान्य. चांगला तज्ज्ञ महाग आहे, जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही. पण वरची उदाहरणे पुन्हा तपासा. सकाळचा ताळा फुकट आहे. नोकरी सोडलेल्याचा आयडी बंद करणे फुकट आहे. दोन जणांच्या मंजुरीशिवाय मोठी रक्कम न पाठवणे फुकट आहे. जुन्या मुनिमांनी रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद केले नाही आणि बँकांनी तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवल्या, तेव्हा संगणक नव्हते. ती शिस्त होती म्हणून एका माणसाच्या चुकीने किंवा लबाडीने सगळे जात नव्हते. संगणक आला आणि दोन किल्ल्यांचा एक पासवर्ड झाला.

*आक्षेप तिसरा: ‘माणूसच कच्चा दुवा आहे, प्रशिक्षण द्या, प्रश्न सुटेल.’* प्रशिक्षण हवेच. पण दिवसभर शंभर बिले करणाऱ्या पोराकडून शंभर टक्के सावधगिरीची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. एका चुकीच्या क्लिकने सगळा धंदा कोसळत असेल तर चूक यंत्रणा उभारणाऱ्याची आहे. युनियन बँकेत चूक झालीच होती; पुढची पायरी शाबूत होती म्हणून निभावले. शिवाय चुकीची शिक्षा म्हणून अपमान केला तर पुढच्या वेळी माणूस चूक लपवतो आणि पहिला महत्त्वाचा तास वाया जातो. ‘माझ्याकडून काहीतरी दाबले गेले,’ असे दोन मिनिटांत येऊन सांगणारा कर्मचारी हीच त्या धंद्याची सर्वांत मोलाची सुरक्षा आहे.

*आक्षेप चौथा: ‘कोणालाही थांबवण्याचा अधिकार दिला तर धंदाच थांबेल.’* हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. भीतीपोटी रोज व्यवहार अडवणारा अधिकारी धंद्याला तितकाच घातक. म्हणून अधिकाराला मर्यादा हवी: थांबवणे ठरावीक मुदतीपुरते, कारण लेखी, पुन्हा सुरू करायला दुसऱ्या माणसाची संमती आणि प्रामाणिकपणे थांबवून चूक ठरली तरी थांबवणाऱ्यावर कारवाई नाही. सी-एज प्रकरणात नेमके असेच झाले. थांबवले, तपासले, दुसऱ्या दिवशी सुरू केले. एक दिवसाचे नुकसान मोजता येते. न थांबवल्याचे नुकसान मोजायची वेळ आली की ते बहुधा हाताबाहेर गेलेले असते.

*आक्षेप पाचवा: ‘हे काम पोलिसांचे.’* कॉसमॉस प्रकरणात पोलिसांनी चिकाटीने तपास केला आणि एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. पण ती मंडळी मुख्यतः बनावट कार्डे घेऊन एटीएमवर गेलेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. तिथवर पुण्याच्या पोलिसांचा हात पोहोचणे अवघड. पोलीस गुन्ह्यानंतर येतात. गुन्हा होत असतानाची मिनिटे धंद्याच्याच हातात असतात.

म्हणून करायचे काय?

मोठ्या संस्थेत तीन गोष्टी लेखी व्हाव्यात. सुरक्षा अधिकारी संचालक मंडळाला थेट अहवाल देईल. कोणत्या परिस्थितीत तो कोणाला न विचारता यंत्रणा थांबवू शकतो याची यादी मंडळाच्या ठरावात असेल. आणि प्रत्येक पुरवठादाराच्या करारात दोन कलमे असतील: घटना घडली तर किती तासांत कळवायचे आणि आम्ही तुम्हाला कधी तोडू शकतो.

लोणारसारख्या गावातल्या धंद्याने पुढचे नियम भिंतीवर लावले तरी पुष्कळ झाले.

1. ‘आमचे खाते बदलले, नव्या खात्यात पैसे टाका,’ असा निरोप आला तर जुन्या, माहीत असलेल्या क्रमांकावर बोलल्याशिवाय एक रुपयाही जाणार नाही. निरोप मालकाच्या नंबरवरून आला असला तरी हाच नियम.

2. ठरावीक रकमेच्या वर एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे.

3. बाहेरून संगणकात येण्याची परवानगी काम असेल तेवढाच वेळ, समोर माणूस बसलेला असताना. काम झाले की बंद.

4. माणूस काम सोडून गेला त्याच दिवशी त्याचे सगळे पासवर्ड, लिंक केलेले व्हॉट्सअ‍ॅप आणि आयडी बंद.

5. बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर, काम झाल्यावर वायर काढून. त्यातून माहिती परत येते का, ते अधूनमधून तपासून पाहायचे.

6. पैसा गेल्याचे कळताच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला निरोप. तो फोन कोण करणार त्याचे नाव आधीच लिहिलेले. तो नसेल तर कोण, तेही.

या सहाही नियमांत तंत्रज्ञान थोडे आणि ठरवणे जास्त आहे. ते मालकाने स्वतः पाळले नाहीत तर नोकर पाळणार नाहीत. घाईत असलेल्या मालकाला ‘दुसऱ्याची मंजुरी आल्याशिवाय पाठवणार नाही’ असे काउंटरवरच्या मुलाने सांगितले आणि मालकाने ते मान्य केले, त्या दिवशी त्या दुकानात सुरक्षा सुरू झाली असे समजावे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक आमसभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. तिथे लाभांशावर तासभर चर्चा होते. तुम्ही सभासद असाल तर यंदा उभे राहून संचालकांना तीन प्रश्न विचारा: संशयास्पद व्यवहार रविवारी थांबवण्याचा अधिकार आपल्या संस्थेत कोणाला आहे, तो अधिकार ठरावात लिहिलेला आहे का आणि बॅकअपमधून माहिती परत आणून शेवटचे कधी पाहिले. उत्तर देताना संचालक एकमेकांकडे पाहू लागले तर तो ठराव त्याच सभेत मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. ठेव तुमची आहे. हा प्रश्न विचारायचा हक्कही तुमचाच आहे.